वेबपेजवर नको असलेली पांढरी जागा: कारण शोधायचं कसं?

टेम्पलेट तयार आहे, मजकूर बरोबर आहे, पण हेडरच्या वर पांढरी पट्टी दिसते. किंवा मोबाईलवर पान उजवीकडे सरकतं आणि तिथे काहीच नसतं. अशा वेळी बरेच जण मार्जिनला उणे २० पिक्सेल देऊन मोकळे होतात. तसं करू नका. जागा झाकली जाते, पण कारण तिथेच राहतं आणि दुसऱ्या आकाराच्या स्क्रीनवर मजकूर एकमेकांवर चढतो.

आधी जागा कोणाची ते ओळखा

क्रोममध्ये त्या जागेवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. कोडमधल्या एलिमेंटवर माऊस नेला की पानावर रंग दिसतात: मार्जिन नारिंगी, पॅडिंग हिरवं, आतला मजकूर निळा. तरीही कळलं नाही तर संशयित एलिमेंट निवडून डिलीट दाबा. जागा गेली तर दोषी तोच. घाबरू नका, रिफ्रेश केलं की सगळं परत येतं.

नेहमी सापडणारी कारणं

१. बॉडीचं मार्जिन. ब्राउझर स्वतःहून बॉडीला चारही बाजूंनी ८ पिक्सेल मार्जिन देतो. सीएसएसमध्ये ते शून्य करा.

२. मार्जिन बाहेर पडणं. डिव्हच्या आत पहिलंच हेडिंग असेल आणि डिव्हला पॅडिंग किंवा बॉर्डर नसेल, तर हेडिंगचं वरचं मार्जिन डिव्हच्या बाहेर येतं. रंगीत हेडरच्या वर पट्टी दिसते ती बहुतेक वेळा यामुळेच. डिव्हला 'डिस्प्ले: फ्लो-रूट' किंवा थोडं वरचं पॅडिंग द्या.

३. फोटोखालची फट. ब्राउझर फोटोला ओळीतल्या अक्षरासारखा ठेवतो आणि त्याच्याखाली अक्षरांच्या खालच्या भागासाठी जागा सोडतो. मराठीत उकार जिथे येतो, तीच ही जागा. फॉन्ट आणि लाइन-हाइट बदलली की फटही कमी-जास्त होते. फोटोला 'डिस्प्ले: ब्लॉक' द्या.

४. मेनूच्या बटणांमधली फट. इनलाइन-ब्लॉक वापरलं असेल तर कोडमध्ये दोन टॅगच्या मध्ये मारलेला एंटरही एक स्पेस म्हणून मोजला जातो. फ्लेक्स वापरा आणि हवं तेवढं अंतर 'गॅप'ने द्या.

५. आडवा स्क्रोल. '१०० व्हीडब्ल्यू' या रुंदीत उभ्या स्क्रोलबारची जागाही धरलेली असते, त्यामुळे विंडोजवर पान थोडं बाहेर जातं. १०० टक्के लिहा. मोबाईलवर मोठा टेबल किंवा न तुटणारी लांबलचक लिंक असं करते. सगळ्या एलिमेंट्सना तात्पुरती लाल आउटलाइन द्या, कोण बाहेर आलंय ते लगेच दिसतं. बॉर्डर देऊ नका, ती स्वतःच जागा घेते.

६. रिकामे परिच्छेद. वर्डमधून मजकूर कॉपी केला की अनेकदा रिकामे परिच्छेद सोबत येतात. त्यांत नॉन-ब्रेकिंग स्पेस असेल तर प्रत्येकाची एक ओळ आणि वर-खाली मार्जिन. फॉर्मच्या पानावर असे चार-पाच साचले की 'सबमिट' बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि फॉर्म संपला असं समजून माणूस पान बंद करतो.

सीएसएसमध्ये काहीच सापडत नाही तेव्हा

मराठी साईटवर मी इथे आधी बॉम बघतो. बॉम म्हणजे बाइट ऑर्डर मार्क, फाइलच्या सुरुवातीला असलेलं ३ बाइटचं न दिसणारं चिन्ह. मराठी मजकुराची फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करावी लागते, नाहीतर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. आणि विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ निवडलं की बॉम घालायचंच. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून ते बंद झालं, पण जुन्या फाइल्स अजून फिरतायत.

पानाच्या अगदी सुरुवातीचा बॉम ब्राउझर गाळून टाकतो. पण हेडरची फाइल इन्क्लूड केलेली असेल तर तो मध्येच येतो, मजकूर मानला जातो आणि एक रिकामी ओळ उमटते. पीएचपीमध्ये नुकसान याहून मोठं: बॉम आधीच बाहेर गेल्यामुळे 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही सूचना येते, सेशन सुरू होत नाही आणि लॉगिन चालत नाही.

व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीत 'यूटीएफ-८ विथ बॉम' दिसलं तर त्यावर क्लिक करा आणि 'सेव्ह विथ एन्कोडिंग'मधून साधं यूटीएफ-८ निवडा. फक्त पीएचपी असलेल्या फाइलच्या शेवटी बंद करणारा टॅग लिहूच नका, म्हणजे त्यानंतरच्या रिकाम्या ओळी बाहेर जाणार नाहीत. आरएसएस फीडमध्ये तर एक्सएमएलच्या पहिल्या ओळीआधी एक रिकामी ओळ आली तरी फीड अवैध ठरते आणि वाचकांपर्यंत नवे लेख पोचत नाहीत.

हे सोडून द्या

जिंजा किंवा जँगोच्या लूपमुळे व्ह्यू सोर्समध्ये ढीगभर रिकाम्या ओळी दिसतात. साध्या मजकुरात ब्राउझर त्या सगळ्या मिळून एकच स्पेस धरतो, त्यामुळे पानावर फरक पडत नाही. टेक्स्टएरिया, प्री टॅग आणि साधे टेक्स्ट ईमेल इथे मात्र त्या जशाच्या तशा उमटतात. तिथे जिंजाच्या टॅगमध्ये टक्क्याच्या चिन्हाला लागून वजाचं चिन्ह लिहा, त्या बाजूची रिकामी जागा निघून जाते.

दुरुस्ती झाली की पान एकदा मोबाईलच्या रुंदीत आणि एकदा स्क्रोलबार असलेल्या विंडोज मशीनवर तपासा. दोन्हीकडे ठीक दिसलं तरच फाइल सर्व्हरवर टाका.