कर्ता, कर्म आणि 'ऑब्जेक्ट' : संगणकीय रचनाशास्त्रातील एका संज्ञेचा इतिहास

१

संगणकासाठी आज्ञावली रचण्यापूर्वी ज्या व्यवहारासाठी ती रचावयाची त्या व्यवहाराचे एक प्रतिमान तयार करावे लागते. हे प्रतिमान 'ऑब्जेक्ट' या नावाच्या घटकांच्या द्वारे कसे मांडावे, याचे शिक्षण आज संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत सर्रास दिले जाते. त्यातील पहिला पाठ पुष्कळदा व्याकरणाचाच असतो. विद्यार्थ्याने व्यवहाराचे साध्या भाषेतील वर्णन घ्यावे, त्यातील नामे अधोरेखित करून त्यांना ऑब्जेक्ट किंवा ऑब्जेक्टांचे वर्ग मानावे आणि क्रियापदांना त्यांच्या कृती मानावे, असा तो पाठ आहे. एका शास्त्राची पहिली पायरी दुसऱ्या शास्त्रातील पदविभागावर अशी उभारलेली पाहून भाषाभ्यासकाचे कुतूहल जागे होणे स्वाभाविक आहे.

हा नियम कोठून आला आणि तो कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ऑब्जेक्टची कल्पना नामांच्या शोधातून निघालेली नाही. ती क्रियेच्या वर्णनातून निघाली, आणि नामांचा नियम तिला सुमारे दोन दशकांनंतर येऊन चिकटला. हा भेद केवळ ऐतिहासिक नव्हे. प्रतिमानात कर्तेपण कोणाला द्यावयाचे आणि निर्जीव सामग्री म्हणून कोणाला वागवावयाचे, हे त्यावर ठरते.

२

या कल्पनेचे जन्मस्थान नॉर्वेतील ऑस्लो हे नगर होय. क्रिस्टेन न्यूगोर (१९२६–२००२) हे प्रथम नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन संस्थेत होते. तेथे अणुभट्टीसंबंधीच्या गणितात व पुढे कार्यव्यवस्थांच्या अभ्यासात त्यांना असे आढळले, की गुंतागुंतीच्या व्यवहाराचे नेमके वर्णन करावयास योग्य अशी भाषाच उपलब्ध नाही. १९६० साली ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर या संस्थेत आले. १९६१–६२ च्या सुमारास त्यांनी एका नव्या भाषेची कल्पना मांडली, आणि ती ओले-योहान डाल (१९३१–२००२) यांच्या सहकार्याने साकार झाली. या भाषेचे नाव सिम्युला. तिच्याकडून दोन अपेक्षा होत्या : माणसाने तिच्यात व्यवहाराचे वर्णन करावे, आणि तेच वर्णन यंत्राने चालवून दाखवावे.

प्रारंभीच्या आराखड्यात व्यवहार म्हणजे 'स्थानके' व 'ग्राहक' यांचे जाळे होते. स्थानके क्रियाशील आणि ग्राहक निष्क्रिय. आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर रेल्वेची तिकीटखिडकी उतारूंना एकामागून एक निकालात काढते, आणि उतारू फक्त पुढे सरकत राहतात. परंतु याच व्यवहाराचे वर्णन उलट दिशेनेही करता येते. उतारू येतो, रांग निवडतो, कंटाळून दुसऱ्या रांगेत जातो, तिकीट घेतो आणि निघून जातो. या वर्णनात खिडकी ही निष्क्रिय सामग्री ठरते. दोन्ही वर्णने सारखीच खरी आहेत. हे ध्यानी आल्यावर १९६४ च्या सुमारास न्यूगोर व डाल यांनी स्थानक व ग्राहक हा भेद मोडून टाकला आणि त्या दोहोंच्या जागी 'प्रोसेस', म्हणजे प्रक्रिया, ही एकच संकल्पना ठेवली. प्रक्रियेच्या साच्याला त्यांनी दिलेले नाव होते 'ॲक्टिव्हिटी'. पुढे ज्याला वर्ग आणि ऑब्जेक्ट म्हटले गेले, त्याची मूळ नावे अशी क्रियावाचक होती, ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

संस्कृत व्याकरणपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकास येथे कारकविचाराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना सजीवता किंवा माणूसपण हा निकष धरलेला नाही. क्रियेच्या बाबतीतील स्वातंत्र्य हा निकष धरला आहे. वैयाकरणांच्या मते कारकत्व वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. स्वयंपाकी पातेल्यात भात शिजवतो असे म्हटले तर पातेले अधिकरण होते. तेच पातेले लवकर शिजवते असे म्हटले तर ते कर्ता होते. वस्तू बदललेली नाही, वर्णनाची दृष्टी बदलली आहे. ऑस्लोतील संशोधकांवर या विचाराचा प्रभाव होता असे सुचवावयाचा येथे हेतू नाही. तसा कोणताही संबंध नव्हता. एकाच प्रश्नाशी दोन स्वतंत्र परंपरा येऊन भिडल्या, एवढेच म्हणावयाचे आहे.

३

प्रक्रियेची ही कल्पना यंत्रावर उतरविणे सोपे नव्हते. सिम्युला ही अल्गोल ६० या भाषेच्या पायावर उभी होती. अल्गोलमध्ये आज्ञांचा व त्यांच्या खाजगी चलांचा मिळून एक 'ब्लॉक' होतो. त्याचे काम संपले की त्याची चलेही नाहीशी होतात, आणि जो शेवटी सुरू झाला तो प्रथम संपतो. उतारूंचा व्यवहार या शिस्तीत बसत नाही. एक उतारू रांगेत थांबला असता दुसऱ्याचे काम चालू राहिले पाहिजे, आणि पहिल्याची स्थितीही टिकली पाहिजे. डाल यांनी स्मृतिवाटपाची निराळी पद्धती बसवून ही अडचण दूर केली. तिच्यामुळे अनेक ब्लॉक एकाच वेळी अस्तित्वात राहू लागले, आणि आपले काम मध्येच थांबवून दुसऱ्याला वाव देऊ लागले. ऑब्जेक्टचे तांत्रिक मूळ हेच : स्वतःची स्थिती जपणारी आणि स्वतःचे वागणे स्वतःजवळ बाळगणारी एक टिकाऊ क्रिया. युनिव्हॅक ११०७ या यंत्रावर पहिली सिम्युला १९६४–६५ च्या संधिकाळात चालू झाली.

दुसरी पायरी १९६६–६७ च्या हिवाळ्यातील. पुलावरील जकातनाका आणि त्यापुढील वाहनांची रांग हे उदाहरण न्यूगोर व डाल यांच्यापुढे होते. रांगेत मालमोटारी होत्या तशा प्रवासी गाड्याही होत्या. रांगेत उभे राहण्याचा गुण दोहोंत समान, बाकीचे वागणे भिन्न. समान भाग एकदाच लिहून तो प्रत्येक प्रकाराच्या वर्णनाला उपसर्गासारखा जोडावा, ही युक्ती त्यांना येथे सुचली. सी. ए. आर. होअर यांनी अभिलेखांच्या वर्गोपवर्गांविषयी मांडलेले विचारही त्यांच्यासमोर होतेच. या मंथनातून वर्ग व उपवर्ग यांची व्यवस्था सिद्ध झाली. मे १९६७ मध्ये ऑस्लोनजीक लिसेबू येथे भरलेल्या परिषदेत ती मांडण्यात आली, आणि सिम्युला ६७ या भाषेत 'क्लास' व 'ऑब्जेक्ट' या संज्ञा रूढ झाल्या. 'प्रोसेस' ही संज्ञा मात्र अनुकरणासाठी पुरविलेल्या एका विशेष वर्गापुरती मागे उरली.

या नामांतराने लाभ झाला, कारण कल्पना अनुकरणाच्या क्षेत्रातून बाहेर पडून सार्वत्रिक झाली. परंतु काही हानीही झाली. इंग्रजीत 'ऑब्जेक्ट' म्हणजे वस्तू, आणि व्याकरणात 'ऑब्जेक्ट' म्हणजे कर्म. जे घटक क्रियेत स्वतंत्र म्हणून, म्हणजे कर्ते म्हणून कल्पिले होते, त्यांना अशा रीतीने ज्याच्यावर क्रिया घडते त्याचे नाव मिळाले. मराठीत आपण 'वस्तू' असा प्रतिशब्द योजतो तेव्हा कर्माचा अर्थ गळतो हे खरे. पण जडत्वाचा अर्थ अधिकच घट्ट होतो.

४

अमेरिकेत ॲलन के यांनी ही कल्पना उचलली ती मात्र तिच्या क्रियांगासह. १९६६ साली युटा विद्यापीठात असताना अल्गोलची म्हणून हाती आलेली आज्ञावली वस्तुतः सिम्युलाची असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. गणिताबरोबर रेणुजीवशास्त्राचेही शिक्षण घेतलेल्या के यांना ऑब्जेक्ट हे पेशींसारखे दिसले : अंतरंग झाकलेले, आणि परस्परांशी केवळ संदेशांनी बोलणारे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रात १९७२ पासून घडत गेलेल्या स्मॉलटॉक या भाषेत बेरीजसुद्धा संदेशरूप आहे; तेथे तीन या ऑब्जेक्टला 'चार मिळव' असा संदेश जातो. पुढे १९९८ साली के यांनीच खेदाने नमूद केले, की 'ऑब्जेक्ट' या शब्दाने लोकांचे लक्ष गौण गोष्टीकडे वेधले. मुख्य गोष्ट होती ती संदेश.

५

आता नामांच्या नियमाकडे वळू. तो प्रसिद्धीस आला तो १९८३ साली रसेल ॲबट यांनी लिहिलेल्या एका निबंधामुळे. इंग्रजी वर्णनातील सामान्यनामांवरून प्रकार, विशेषनामांवरून ऑब्जेक्ट आणि क्रियापदांवरून कृती कशा काढता येतील, हे त्यांनी त्यात दाखविले होते. ही रीत यांत्रिक नव्हे असेही त्यांनी बजावले होते. पाठ्यपुस्तकांच्या वाटेने नियम पसरला. इशारा मात्र मागे पडला.

नियमाची मर्यादा एका मराठी वर्णनावरून स्पष्ट होईल : 'सभासद पुस्तकाची मागणी नोंदवतो. पुस्तक उपलब्ध असल्यास ग्रंथपाल नोंद करून ते १५ दिवसांच्या मुदतीने सभासदाला देतो. मुदतीत परत न आल्यास दंड आकारला जातो.' यातील नामे निवडली तर सभासद, पुस्तक, मागणी, ग्रंथपाल, नोंद, दिवस, मुदत, दंड अशी यादी तयार होते. या यादीत चार दोष आहेत.

पहिला दोष असा की 'पुस्तक' या एका नामात दोन अर्थ लपले आहेत. मागणी ग्रंथाची असते, हाती पडते ती प्रत. दुसरा, 'नोंद करणे' यासारख्या संयुक्त रूपांत क्रियेचा सारा आशय नामात असतो आणि 'करणे' हे क्रियापद जवळजवळ रिकामे असते. मराठीत अशी रूपे विपुल आहेत. म्हणून नाम म्हणजे वस्तू आणि क्रियापद म्हणजे कृती हे समीकरण आपल्या भाषेत विशेषच डळमळीत ठरते. तिसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. मुदत ही पुस्तकाची नव्हे, सभासदाचीही नव्हे. ती त्या देण्याची आहे. अर्थात वर्णनात केवळ 'देतो' या क्रियापदाने सुचविलेली देवघेव हाच या प्रतिमानातील कळीचा ऑब्जेक्ट होय. तिला आरंभ आहे, मुदत आहे, शेवट आहे. आणि यादीत तिचे नावही नाही. चौथा दोष 'दंड आकारला जातो' या प्रयोगात आहे. तेथे कर्ता लोपला आहे. दंड कोणी आकारावयाचा, कोणी माफ करावयाचा, हे वाक्य सांगत नाही. आणि नामांची यादी तर जे वाक्यात नाही ते सांगूच शकत नाही.

वाक्यार्थात प्राधान्य कशाचे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. नैयायिकांनी प्रथमान्त पदाच्या अर्थाला प्राधान्य दिले, वैयाकरणांनी क्रियेला. ॲबट यांचा नियम पाठ्यपुस्तकांत ज्या रूपाने उरला ते रूप नैयायिकांच्या बाजूचे आहे. सिम्युलाचा मूळ विचार वैयाकरणांच्या अधिक जवळचा.

६

शिक्षणपद्धतीत या एकांगीपणावर उतारा शोधण्याचे प्रयत्नही झाले. १९८९ साली केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी ४ इंच रुंद व ६ इंच लांब अशा साध्या कार्डांची रीत सुचविली. प्रत्येक कार्डावर वर्गाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याचे सहकारी एवढेच लिहावयाचे. एखादा प्रसंग कल्पून विद्यार्थी कार्ड हाती घेतो आणि त्या ऑब्जेक्टची भूमिका वठवतो. त्याच वर्षी रिबेका वर्फ्स-ब्रॉक व ब्रायन विल्कर्सन यांनी जबाबदारी हेच रचनेचे सूत्र मानणारा निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही पद्धतींत 'हे काय आहे' यापेक्षा 'हे कशाला उत्तरदायी आहे' हा प्रश्न अग्रभागी येतो. ग्रंथालयाच्या उदाहरणात दंडाचे कार्ड कोणाच्याच हाती नाही, हे अशा वेळी तत्काळ उघड होते.

१९९७ साली बूच, रम्बॉ व याकबसन यांच्या पद्धतींच्या समन्वयातून निघालेली यूएमएल ही आकृतिभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तीत वर्गांच्या आकृतीबरोबर संदेशक्रमाच्या व स्थित्यंतरांच्या आकृत्याही आहेत. दोष भाषेचा नव्हे. पण अध्यापन वर्गांच्या चौकटींपाशीच थांबले, तर विद्यार्थ्याच्या हाती अर्धे व्याकरण पडते.

७

शेवटी पुन्हा न्यूगोर यांच्याकडे. व्यवहाराचे वर्णन करण्याची शक्ती ही त्या व्यवहारावरील सत्ताही असते, हे त्यांनी लवकर ओळखले. सिम्युलातील प्रतिमानांवरून कारखान्यांतील कामाची पुनर्रचना होऊ लागली. ती प्रतिमाने व्यवस्थापनाच्या दृष्टीने रचलेली असत. म्हणून १९७१ ते १९७३ या काळात न्यूगोर यांनी नॉर्वेतील लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. आपल्याच कामाचे संगणकीय वर्णन कामगारांना वाचता यावे, तपासता यावे आणि त्याला पर्याय सुचविता यावा, हा त्यामागील उद्देश होता. कामगारांच्या या हक्काला मान्यता देणारा करार १९७५ साली त्या देशात राष्ट्रीय पातळीवर झाला. १९७५ चेच 'डेल्टा' हे व्यवहारवर्णनाच्या भाषेवरील काम माणसांनी वाचावयाच्या वर्णनासाठी होते.

या इतिहासावरून अध्यापनासाठी निघणारा निष्कर्ष असा : नामांची यादी ही सुरुवात म्हणून चालेल, निर्णय म्हणून चालणार नाही. यादीनंतर विद्यार्थ्याने निदान तीन प्रश्न विचारले पाहिजेत. या क्रियेत स्वतंत्र कोण आहे? कोणत्या क्रियेला स्वतःची स्थिती व मुदत असल्यामुळे तीच ऑब्जेक्ट मानावी लागेल? आणि वाक्याने कोणता कर्ता लपविला आहे? हे प्रश्न कारकविचाराचे आहेत, आणि भाषेच्या विद्यार्थ्यास ते नवे नाहीत. तिकीटखिडकीपुढील उतारू कर्ता मानावयाचा की पुढे सरकणारे कर्म, हे उतारूच्या स्वभावाने ठरत नाही. ते प्रतिमान रचणारा ठरवितो, आणि त्याचे परिणाम उतारूला भोगावे लागतात. म्हणून हा निर्णय अजाणता, केवळ पदविभागाच्या सवयीने होऊ देणे हितावह नाही.