काट्याला न दिसणारी झीज



कुणाला कर्करोग झाला की काही महिन्यांनी आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खंगली गं बिचारी." आपल्याला तो आजाराचाच भाग वाटतो. कर्क म्हणजे खेकडा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्यांनी या गाठीला खेकड्याचं नाव दिलं. माणसाच्या खंगण्यालाही त्यांनी वेगळा शब्द ठेवला होता. त्याचा अर्थ 'वाईट अवस्था'. म्हणजे खंगणं सगळ्यांना दिसत होतं. पण त्यात शरीरातलं नेमकं काय जातं आणि ते थोपवता येतं का, हे समजायला विसावं शतक उजाडावं लागलं. आज आपण तोच इतिहास पाहू, कारण त्याचा संबंध आपल्या चुलीशी आहे.

महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांतले पुरुष पूर्वी गिरणीत कामाला मुंबईला जात आणि परळ-लालबागच्या चाळींत राहत. त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासानं हे रुग्णालय उभारलं. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. पुढे त्याचंच एक केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यात, खारघरला झालं. गावाकडच्या रुग्णांना उपचार चालू असताना राहायला दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आधार ठरली.

त्या काळात जगभर उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि किरण, आणि सगळं लक्ष गाठीवर. ताटात काय वाढायचं ते घरच्यांनी बघायचं. पण १९३२ सालीच शील्ड्स वॉरेन या अमेरिकन डॉक्टरांनी कर्करोगानं गेलेल्या ५०० माणसांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणांचा जीव थेट खंगण्यानं गेला होता. १९८० साली अमेरिकेतच तीन हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन उतरलं होतं, ते इतरांपेक्षा कमी जगले. अशक्त शरीराला औषध सोसत नाही. मग मात्रा कमी करावी लागते, तारखा पुढे जातात, कधी उपचार मध्येच थांबतो.

२०११ साली तज्ज्ञांनी यासाठी एक खूण ठरवली. सहा महिन्यांत, मुद्दाम काही न करता, ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं तर ते धोक्याचं. ५० किलोच्या बाईसाठी हे फक्त अडीच किलो होतात. चोळी सैल झाली तरी आपण "उन्हाळा आहे" म्हणून सोडून देतो, ते हे अडीच किलो.

पण वजनकाटा सगळंच सांगत नाही. हे दाखवणारं एक मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालं, तेही मधुमेहावरच्या संशोधनातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः किडकिडीत, पण त्यांच्या अंगात मांस कमी आणि त्या मानानं चरबी जास्त, असं दिसलं. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं. अंगातली चरबी मात्र एकाची ९ टक्के, दुसऱ्याची २१ टक्के. जास्त चरबी होती ती डॉ. याज्ञिक यांची.

कर्करोगातही हेच लक्षात ठेवायला हवं. २००८ साली कॅनडातल्या संशोधकांनी रुग्णांच्या स्कॅनमधून स्नायू मोजले. शरीर जाड पण स्नायू कमी, असे रुग्ण कमी जगले. स्तनाच्या कर्करोगाच्या औषधांत काही बायकांचं वजन वाढतं. आपण म्हणतो, "अंग धरलंय, बरं झालं." आतून मात्र मांस झिजत असू शकतं. म्हणून वजनाबरोबर ताकदही बघायची. हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून उठता येतं का? कळशी उचलवते का? कालपर्यंत जमत होतं ते आज जमत नसेल, तर डॉक्टरांना सांगायचं.

आता पथ्याचं. "साखर गाठीला पोसते" हे आपण ऐकतो. त्याचं मूळ १९२० च्या दशकातल्या जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्या कामात आहे. गाठ साखर जास्त ओढते, हे त्यांनी दाखवलं. पण म्हणून भात-भाकरी तोडली की गाठ उपाशी मरत नाही. बाहेरून अन्न आलं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर तयार करतं. उपाशी राहते ती बाई. मधुमेह असेल त्यांनी अर्थातच डॉक्टरांचं पथ्य पाळावं.

प्रथिनं किती हवीत? किलोमागे रोज १ ते दीड ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात साधारण तेवढीच. १०० ग्रॅम कुळथात वीस-बावीस ग्रॅम, तेवढ्याच नाचणीत सात. म्हणजे नुसत्या नाचणीच्या पेजेवर भागत नाही. जोडीला कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, अंडं, सुकट, दही हवं. मशेरी आणि तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग बराच दिसतो. ज्यांना गिळवत नाही त्यांना कढण गाळून, पेजेत दूध किंवा अंडं नीट शिजवून, थोडं थोडं सहा वेळा द्यावं. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

"पडून राहा" हा सल्लाही जुना झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेत मेरिल विनिंगहॅम यांनी स्तनाच्या कर्करोगाची औषधं घेणाऱ्या बायकांना जागच्या सायकलवर व्यायाम दिला. त्यांची मळमळ कमी झाली, चरबी घटली. २०२५ साली आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. औषधं संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ८० टक्के पाच वर्षांनी आजार न उलटता जगत होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होतं. आपल्याला यंत्र लागत नाही. पावसात पडवीतल्या पडवीत दहा मिनिटं चालावं, दिवसातून दोनदा. आजार हाडांत गेला असेल, ताप असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

एक गोष्ट मात्र खरी आहे. आजार फार पुढे गेला की नुसत्या खाऊ घालण्यानं झीज भरून येत नाही. तेव्हा घास कोंबू नये, आणि "मी नीट खाऊ घातलं नाही" असा दोष कुठल्याही सुनेनं किंवा लेकीनं स्वतःला लावून घेऊ नये.

त्याआधीच्या महिन्यांत मात्र हातात बरंच असतं. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि आजारी पडली तरी तीच रीत चालते. म्हणून गटांना आमचं सांगणं आहे. गावात कुणाचे उपचार चालू असतील तर तिचं वजन दर पंधरा दिवसांनी उपकेंद्रात करून वहीत लिहा. ती वही रुग्णालयात सोबत न्या आणि आहारतज्ज्ञ आहेत का ते विचारा. आणि घरात तिचं ताट पहिलं वाढलं जातंय का, ते अधूनमधून जाऊन बघा.