जासुदाचे पाय आणि बारवेचे पाणी

अठराव्या शतकातील मराठी संस्कृती म्हटली की मोरोपंतांची आर्या, रामजोश्यांची लावणी, बखरी आणि दरबारी पत्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ही अक्षरे कोणत्या वाटांनी चालली आणि कोणत्या पाण्यावर जगली, हा प्रश्न आता साहित्याचे अभ्यासकही विचारू लागले आहेत. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना तो फार जवळचा वाटतो.

पत्रांचेच पाहा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. त्या पत्रांचे गद्य नेटके आहे. कारण दूरच्या माणसाला थोडक्यात आणि नेमके कळवावयाचे होते. १७६१ च्या जानेवारीत पानिपतचा घात पेशव्यांना कळला तो सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. ती भाषा आपण वाखाणतो. पण ते पत्र घेऊन धावणारा जासूद कोण होता, हे कोणी विचारीत नाही.

आता आपल्या करमाळ्याकडे वळू. येथील किल्ला रावरंभा निंबाळकरांनी आरंभिला व त्यांचे पुत्र जानोजीराव यांनी पुरा केला. त्याच्या आश्रयाने पेठ वाढली. बालाघाटातून पुण्याकडे आणि नगरहून सोलापूरकडे जाणारी वाहतूक येथे एकत्र येई, असे १८८४ च्या गॅझेटियरात नमूद आहे. गावाला पाणी येई ते दक्षिणेकडील झऱ्यांच्या विहिरींतून, मातीच्या नळाने. वाटेत ठिकठिकाणी ते भरून घेण्याची सोय होती. कमलाभवानीच्या देवळाजवळ ९६ पायऱ्यांची म्हणून प्रसिद्ध असलेली बारव आहे. जत्रा भरते, कीर्तन रंगते, तमाशाचा फड उतरतो, तो जेथे माणसांना व बैलांना पाणी मिळते तेथेच. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आजही याच तालुक्यातून पंढरीला जाते. वाट आणि पाणी नसते, तर अभंग गावोगाव कसा पोचला असता?

ही कामे केली कोणी? सरदारांनी पैसा दिला, हे खरे. परंतु दगड फोडला पाथरवटांनी, माती उपसली वडार-बेलदारांनी, ओझी वाहिली हमालांनी. त्या काळी वेठबिगारही होती. सरकारी ओझे पुढच्या गावापर्यंत विनामजुरी पोचवावे लागे. तेव्हा संस्कृतीच्या हिशेबात देणगीदाराचे नाव जमेला धरावयाचे आणि फुकट घेतलेले श्रम मांडावयाचेच नाहीत, हा हिशेब खोटा आहे.

पुढे आगगाडी जेऊरवरून गेली आणि करमाळ्याची बरीच वाहतूक तिकडे वळली. वाट बदलली की पेठ बदलते, आणि पेठेबरोबर कलावंताचे पोटही. हे कामगाराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बारवेचा इतिहास लिहिताना बांधविणाऱ्याबरोबर बांधणाऱ्यांच्या जातीधंद्यांचीही नोंद व्हावी. त्यांच्या वस्त्यांत जाऊन म्हाताऱ्यांच्या आठवणी आजच उतरवून घ्याव्यात. आणि ज्यांच्या हातून आज गावाला पाणी मिळते, त्यांची नावे व त्यांची मजुरी तरी नीट लिहिली जाते की नाही, तेही एकदा पाहून यावे.