आगीसाठी बदललेलं छप्पर, वाऱ्यात उडालेलं शहर

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या किनाऱ्याला लागून गॅल्व्हेस्टन नावाचं एक चिंचोळं बेट आहे. त्यावर त्याच नावाचं शहर वसलेलं आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस कापसाच्या निर्यातीवर श्रीमंत झालेलं हे बंदर. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गुलामांना मुक्त झाल्याचा हुकूम इथेच जाहीर झाला. आज 'जूनटीन्थ' या नावाने अमेरिकेत जी राष्ट्रीय सुट्टी पाळली जाते, तिचं मूळ हे शहर आहे. पण जगाला हे नाव ठाऊक आहे ते ८ सप्टेंबर १९०० च्या वादळामुळे. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत इतकी माणसं त्याआधी किंवा त्यानंतर कधी मेली नाहीत. सहा ते आठ हजार, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त.

या वादळावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्यातली एक साधी गोष्ट सांगायची आहे. ती आहे छपरांची.

कोकणात घर कौलारू, तसं तिकडे घर 'शिंगल'चं. शिंगल म्हणजे एकावर एक चढवत नेलेले चपटे तुकडे. माशाचे खवले असतात ना, तसे. त्या काळी हे तुकडे लाकडाचे असत. लाकूड स्वस्त, हलकं आणि कोणत्याही सुताराला जमणारं. पण सुकलेल्या लाकडी फळकुटांचं छप्पर म्हणजे पेटायला टपलेली गंजीच. १३ नोव्हेंबर १८८५ च्या पहाटे गॅल्व्हेस्टनमध्ये आग लागली. वाऱ्यावर ठिणग्या या छपरावरून त्या छपरावर गेल्या आणि काही तासांत चाळीसच्या आसपास ब्लॉक आणि पाचशेहून अधिक घरं खाक झाली.

शहर शहाणं झालं. लाकडी शिंगल बदला, त्याजागी स्लेट घाला, असा नियम आला. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. तो जळत नाही, सडत नाही, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ज्यांना परवडलं त्यांनी छपरं बदलली. आगीच्या दृष्टीने निर्णय अगदी बरोबर होता.

पंधरा वर्षांनी वादळ आलं आणि त्याच पाट्या छपरांवरून सुटल्या. ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यात दगडाची पातळ पाटी म्हणजे फेकलेला सुराच. जीव वाचवायला रस्त्यावर, पाण्यात उतरलेल्या माणसांची डोकी या पाट्यांनी फोडली. वाचलेल्या लोकांच्या आठवणींत उडत्या स्लेटचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आगीतून फुफाट्यात पडणं ही म्हण त्या शहराला अक्षरशः लागू पडली.

यातून कुणी असा निष्कर्ष काढू नये की स्लेट वाईट आणि लाकूड चांगलं. त्या दिवशी सगळीच छपरं उडाली. खरा मारेकरी तर पाणी होतं. बेटावरची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्याही आत, आणि समुद्र चढला पंधरा फुटांहून अधिक. सुमारे ३८ हजार वस्तीच्या शहरात ३,६०० घरं नाहीशी झाली. किनाऱ्यावरच्या सेंट मेरीज अनाथाश्रमात दहा नन्स आणि नव्वद मुलं बुडाली. वाचले ते फक्त तीन मुलगे. मुद्दा एवढाच की शहराने मागच्या संकटाची तयारी केली होती, पुढच्याची नाही.

आणि पुढचं संकट काही गुपित नव्हतं. त्याच किनाऱ्यावरचं इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांत संपून गेलं होतं. तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्रभिंत बांधायची चर्चा झाली आणि विरली. शहराचे हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून अशी भीती निराधार असल्याचं सांगितलं होतं. १९०० च्या वादळात त्यांची गरोदर पत्नी वारली. क्युबाच्या हवामानतज्ज्ञांना वादळाची दिशा कळली होती. ते टेक्सासकडे सरकतंय असं त्यांचं मत होतं. पण स्पेनकडून नुकत्याच ताब्यात घेतलेल्या बेटावरच्या लोकांचं ज्ञान वॉशिंग्टनला नको होतं. हवानाहून येणाऱ्या हवामानाच्या तारांवरच अमेरिकी हवामान खात्याने बंदी आणवली होती. आपलं वादळ फ्लोरिडाकडे वळेल, हा त्यांचा हिशेब. 'जिंकलेल्या' लोकांचं ऐकायचं नाही, ही सत्तेची जुनी खोड हजारो जिवांवर बेतली.

प्रेतं कुणी उचलली?

वादळानंतरचा अध्याय मला जास्त अस्वस्थ करतो. प्रेतं इतकी होती की पुरायला जागा नव्हती. कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने पकडून प्रेतं बोटींवर चढवायला लावली गेली. समुद्रात टाकलेली ती प्रेतं लाटांनी परत आणली. मग जागोजागी चिता पेटल्या. त्याच दिवसांत देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या छापून आल्या की काळे लोक प्रेतांची बोटं कापून अंगठ्या चोरतायत आणि त्यांना गोळ्या घातल्या जातायत. आकडेही छापले गेले. नंतरच्या अभ्यासकांना त्या कथांना भक्कम पुरावा सापडला नाही. घाण काम ज्यांच्याकडून जबरदस्तीने करून घेतलं, चोर म्हणून नावही त्यांचंच लागलं.

अफवा संकटाच्या खांद्यावर बसून येते आणि तिला आधीपासून बदनाम असलेला समाज हवा असतो. हे वाचताना आपल्याकडची अलीकडची उदाहरणं वाचकाला आठवतीलच. मी ती मोजत बसत नाही.

१९०१ मध्ये शहराचा कारभारही बदलला. जुनं नगरसेवकांचं मंडळ गेलं आणि मोजक्या आयुक्तांचं मंडळ आलं. पुनर्बांधणी वेगाने व्हावी हे कारण होतं आणि ती झालीही. पण ज्या शहरात १८८०च्या दशकात नॉरिस राइट क्यूनी यांच्यासारखा कृष्णवर्णीय नेता नगरसेवक होता, तिथे नव्या व्यवस्थेत अल्पसंख्याकांना निवडून यायची वाट अरुंद झाली. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे कुणीतरी फिरवले.

पुनर्बांधणी मात्र थक्क करणारी होती. १९०२ ते १९०४ मध्ये सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून लांब समुद्रभिंत उभी राहिली. त्यानंतर १९११ पर्यंत शहराची जमीनच वर उचलली गेली. दोन हजारांवर इमारती जॅकवर चढवून त्यांच्याखाली वाळूचा गाळ भरला. तीन हजार टनांचं सेंट पॅट्रिक चर्च सातशे जॅकनी पाच फूट वर घेतलं. गाळ भरायचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला, पण घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. ही अट लक्षात ठेवा.

खिळ्यांचा इतिहास

पुढे लाकडी शिंगल आणि स्लेट दोन्ही मागे पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डांबरात भिजवलेल्या जाड कागदावर खडी चिकटवून त्याचे शिंगल कापायला सुरुवात झाली. आगीच्या विमा कंपन्यांनाही लाकूड नकोच होतं. आज अमेरिकेतली बहुतेक घरं याच डांबरी शिंगलखाली आहेत.

२४ ऑगस्ट १९९२ ला 'अँड्र्यू' वादळाने मायामीच्या दक्षिणेकडच्या वस्त्या झोपवल्या. साठ हजारांहून अधिक घरं उद्ध्वस्त झाली. चौकशीत जे निघालं ते लाजिरवाणं होतं. तिथले बांधकाम नियम देशात कडक मानले जात, पण शिंगल खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकले होते आणि छताच्या फळ्यांचे कित्येक खिळे कैचीच्या लाकडाला लागलेच नव्हते. निरीक्षकांची सही मात्र होती. किमान अकरा विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर नियम पुन्हा लिहिले गेले आणि २००२ पासून संपूर्ण फ्लोरिडाला एकच बांधकाम संहिता लागू झाली.

माझा एक मामेभाऊ गॅल्व्हेस्टनला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने घराचं शिंगल छप्पर बदललं. "भाई, शिंगल आणण्यापेक्षा कागद आणणं कठीण," असं तो फोनवर म्हणाला. तो सांगत होता ते काम असं: जुनं सगळं फळ्यांपर्यंत सोलून काढायचं. कुजलेल्या फळ्या बदलायच्या. फळ्या वाशांना दातेरी खिळ्यांनी पुन्हा ठोकायच्या. सांध्यांवर चिकटपट्टी मारायची, म्हणजे वरचं शिंगल गेलं तरी पाणी आत येणार नाही. वळचणीला पहिली पट्टी नीट चिकटवायची, कारण वारा तिथूनच नख घालतो. आणि प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे. तपासणी काम चालू असतानाच करून घ्यावी, कारण झाकलेला खिळा कुणाला दिसणार? त्या तपासणीचा दाखला नसेल तर किनाऱ्यावरच्या घराला वादळाचा विमा मिळणं कठीण होतं. टेक्सासने १९७० च्या 'सेलिया' वादळानंतर, १९७१ मध्ये, किनारपट्टीसाठी वेगळी विमा संस्था काढली. दाखल्याची ही अट १९८८ नंतरच्या कामांना लागते.

यंत्रणा चांगली आहे. पण छपराचा हा खर्च घरमालकाने करायचा. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याचं छप्पर जुनं राहतं, जुन्या छपराचा विमा महागतो किंवा मिळतच नाही, आणि मग एक वादळ त्या घराला कायमचं बेघर करतं. १९०३ ची अट अजून चालू आहे. आणि भाडेकरूला तर छप्पर बदलायचा हक्कच नसतो. १३ सप्टेंबर २००८ ला 'आइक' वादळ आलं. समुद्रभिंतीने समोरून अडवलं, तर पाणी मागच्या खाडीतून शहरात शिरलं. गरिबांसाठीची ५६९ सार्वजनिक घरं खराब झाली म्हणून पाडली गेली. त्यांत राहणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ती पुन्हा बांधायला शहरातूनच विरोध झाला आणि बांधणी वर्षानुवर्षं रेंगाळली.

३ जून २०२० ला 'निसर्ग' आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दिवेआगर या पट्ट्यात कौलं आणि पत्रे वाऱ्यावर गेले. त्या गावांत आपली वस्ती मोठी आहे. पुष्कळांनी नंतर कौलं काढून पत्रे घातले. पण पत्रा कशाला बांधलाय, वासा भिंतीला कशाने धरलाय, हे विचारणारं कुणी नव्हतं. पंचनाम्यात किती पत्रे उडाले ते लिहितात, ते का उडाले ते लिहीत नाहीत.

जमातीच्या बैठकांत मदतवाटपाच्या याद्या होतात, त्या व्हायलाच हव्यात. त्याच यादीत आणखी एक रकाना करता येईल: कुणाच्या छपराचे हूक, वायसर, वासे पावसाआधी तपासायचे आहेत. गावात सुतार आहेत, फॅब्रिकेशनवाले आहेत. विधवा बाईच्या घरावर चार जणांनी एक दिवस चढायचं आणि खिळे ठोकून यायचे, एवढंच काम आहे. ते मे महिन्यात करावं लागतं, जूनमध्ये उशीर झालेला असतो.