मराठवाड्यातील ख्रिस्ती श्रद्धा आणि सामाजिक संघर्ष : रेव्ह. नारायण शेषाद्री यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील तलवाडा (ता. गेवराई) हे गाव त्वरिता देवीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातील अशा गावांत ग्रामदैवत, जत्रा, मानपान आणि बलुते यांची वीण परस्परांत गुंतलेली होती. जत्रेत हलगी वाजविणे ही मातंगांची सेवा होती व तिच्यावरच त्यांच्या धान्याचा वाटा अवलंबून असे. त्यामुळे येथे देव बदलणे म्हणजे उपजीविका पणाला लावणे होते. या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती श्रद्धा कशी टिकली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

धर्मांतर आणि बहिष्कार :
नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते देशस्थ ब्राह्मण होते. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात दाद मागितली व मुलाचा ताबा त्यांना मिळाला. परंतु तो जातीत परत घेण्याजोगा आहे काय, यावर मोठे वादंग माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला. सनातनी मंडळींनी त्यास तीव्र विरोध केला. धर्मांतरिताला पुढची वाट कठीण होती. मागची वाट तर जवळजवळ बंदच होती. पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंनाही पतिवियोग सोसावा लागला. त्यांनी स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

बेथेलचा प्रयोग :
१८५० च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क सुरक्षित केला. मात्र हा कायदा ब्रिटिश अमलापुरता होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. शिवाय ज्याच्याकडे वारसाने यावी अशी जमीनच नव्हती, त्याला या कायद्याचा उपयोग तो काय? शेषाद्रींनी जालना परिसरात कार्य सुरू केल्यावर त्यांच्याकडे प्रामुख्याने मातंग कुटुंबे आली. सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. ‘बेथेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देवाचे घर’ असा आहे. गावकीतून तुटलेल्या माणसाला शेती, शेजार आणि प्रार्थनास्थळ एकत्र मिळाल्याखेरीज त्याची श्रद्धा टिकणार नाही, हे या प्रयोगामागील मर्म होते.

अन्नासाठी धर्म बदलला, हा आक्षेप अशा समाजावर नेहमी घेतला गेला. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनमध्ये मिशनचे मदतकार्य वाढल्यावर तो अधिक बळावला. तथापि दुष्काळ सरल्यावरही जी कुटुंबे चर्चशी जोडलेली राहिली, त्यांच्याबाबत हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

स्वातंत्र्योत्तर काळ :
१९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. अस्पृश्यतेचा वारसा कायम, परंतु तिच्यावरील उपायांचा हक्क नाही, अशी त्यांची कोंडी झाली. श्रद्धा उघडपणे सांगण्याची किंमत अशा रीतीने नव्या स्वरूपात चालू राहिली.

निष्कर्ष :
शेषाद्रींनी घर आणि जात गमावली. मातंग कुटुंबांनी बलुते आणि गावातील स्थान पणाला लावले. दोघांच्या त्यागाचे स्वरूप भिन्न होते, म्हणून दोहोंना एकच माप लावता येत नाही. मिशनच्या अहवालांत नामवंतांचे धैर्य नोंदले गेले. अनामिकांचे धैर्य मात्र त्यांच्या वस्त्यांत, शेतांत आणि पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलेल्या प्रार्थनेत शोधावे लागते. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाने त्याची दखल घेणे आवश्यक आहे.