लँकॅस्ट्रिया: बुडण्याचा आणि माणसांचा हिशेब

प्रवासी जहाज सैनिकांच्या वाहतुकीला जुंपले, तरी त्याचा सांगाडा तोच राहतो. बदलते ते आत किती माणसे घ्यायची याचे गणित. जहाज बुडवणे शत्रूच्या हाती. त्यात किती जीव जाणार, हे मात्र बरेचसे या गणितावर ठरते.

क्यूनार्ड कंपनीचे 16,243 टनी ‘लँकॅस्ट्रिया’ 1920 साली क्लाइड नदीत उतरले ते ‘टिऱ्हेनिया’ या नावाने. नवे नाव 1924 चे. एप्रिल 1940 मध्ये ते युद्धकामी घेतले गेले आणि नॉर्वेतून सैन्य काढण्याच्या कामीही आले. खलाशी धरून सुमारे 2,200 माणसे, ही त्याची मर्यादा.

17 जून 1940 रोजी ते फ्रान्सच्या सेंट नाझेर बंदराबाहेर नांगरून उभे होते. डंकर्क आटोपले होते, पण पश्चिम फ्रान्समध्ये अजून लाखाहून अधिक ब्रिटिश सैनिक अडकलेले. लहान बोटींतून सैनिक, विमानदलाचे लोक, बायका-मुले येत राहिली. कायद्याची मर्यादा बाजूला ठेवून मावतील तेवढे घ्या, असा कप्तान रुडॉल्फ शार्प यांना हुकूम होता. पुढे पुढे मोजणीच सुटली. दुपारी शेजारच्या ‘ओरोन्से’वर बॉम्ब पडला, तेव्हा निघण्याचा सल्ला मिळाला; शार्प सोबतीच्या विनाशिकेसाठी थांबले. त्यांना दोष देणे मला पटत नाही. पाणबुड्यांच्या समुद्रात इतकी माणसे घेऊन एकट्याने निघणे हाही जुगारच होता.

पावणेचारच्या सुमारास जर्मन युंकर्स विमानांनी बॉम्ब टाकले. वीसेक मिनिटांत जहाज उलटून बुडाले. कलंडलेल्या जहाजावरून बचावनौका धड सोडता येत नाहीत, आणि लाइफजॅकेटे होती जेमतेम दोन हजार. ती ज्यांना मिळाली त्यांचीही सुटका सोपी नव्हती. बुचाचे जॅकेट घालून उंचावरून उडी मारली, की पाण्यावर आपटताच ते वर उसळून हनुवटीखाली बसे. कित्येकांच्या माना तिथेच मोडल्या. खाली फुटलेल्या टाक्यांतले इंधनतेल पसरले होते. ते नाकातोंडात जाऊन पोहणारेही गुदमरले.

याच्या शेजारी मुंबईकरांच्या ओळखीचे पी अँड ओचे ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ठेवून पाहावे. तेही सैनिकवाहू झाले होते. 11 नोव्हेंबर 1942 रोजी ओरानजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडाले, दगावले चौघे. सैन्य आधीच उतरले होते, आणि जहाज काही तास तरंगत राहिले. रिकामे डेक आणि हातात वेळ, एवढाच काय तो फरक. पण तो हजारो जिवांचा होता.

‘लँकॅस्ट्रिया’वरचे सुमारे 2,500 वाचले. गेलेल्यांपैकी नावानिशी ठाऊक आहेत ते सतराशेहून अधिक. एकूण मृत्यूंचे अंदाज तीन हजारांपासून जवळपास सहा हजारांपर्यंत जातात. मोजणी सुटल्याची किंमत इथे पुन्हा मोजावी लागते: ज्याचे नाव चढताना लिहिलेच नाही, त्याचा मृत्यू सिद्ध कशाने करायचा? त्यात चर्चिल यांनी बातमीच दाबली. बंदी उठवायची राहून गेली, असे त्यांनीच पुढे लिहिले. ब्रिटिश वाचकांना ती कळली जुलैच्या अखेरीस, अमेरिकन वृत्तपत्रांनी छापल्यावर.

तोवर फ्रान्सच्या किनाऱ्यावर प्रेते लागत होती. गावकऱ्यांनी ती आपापल्या दफनभूमीत पुरली. त्यांतल्या अनेक थडग्यांवर नाव नाही.