दूध, गवत आणि गळ्यातली गाठ

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "गळ्याची सोनोग्राफी करायचीय, थायरॉईडचा कॅन्सर आहे का बघायला. शहरात बायकांसाठी पॅकेज निघालंय." त्यांना त्रास काहीच नव्हता. जावेच्या माहेरी कुणाला तरी तो आजार निघाला, त्याचा धसका.

बैठक संपली, सतरंजी गोळा करत होते, तेव्हा दुसऱ्या एका काकूंनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. सुपारीएवढी गाठ! वर्षभर पदराआड ठेवलेली. म्हणाल्या, "दुखत नाही गं, म्हणून राहू दिली."

एकीला गाठ नाही तरी ती घाबरलेली, दुसरीला आहे आणि ती गप्प. दोघींना काय सांगायचं म्हणून मी उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारलं आणि स्वतःही वाचायला बसले. बी.ए.ला माझा विषय इतिहास, त्यामुळे वाचता वाचता मागे मागे गेले. तेच आज सांगते.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी पसरलेली छोटी ग्रंथी. मीठ-अन्नातून येणारं आयोडीन ती ओढून घेते आणि त्यापासून शरीराला लागणारा रस तयार करते. आयोडीन कमी पडलं की ती सुजते, तो गलगंड. ही आयोडीन ओढण्याची सवय लक्षात ठेवा, पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

पहिली खूण अमेरिकेत सापडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे लहान मुलांना क्ष-किरणांचे उपचार सर्रास देत. टॉन्सिल वाढले, केसांत गजकर्ण झालं, छातीतली एक ग्रंथी मोठी वाटली, की द्या किरण. १९५० साली डफी आणि फिट्झगेराल्ड या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी थायरॉईडचा कॅन्सर झालेल्या २८ मुलांची माहिती मांडली. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी असे किरण दिलेले होते. (आपण खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढतो, त्याची यात गणती करू नका. त्या उपचारांतली मात्रा कितीतरी जास्त होती.)

मग आलं चेर्नोबिल. तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं, आज युक्रेनमध्ये असलेलं अणुवीज केंद्र. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री तिथली एक भट्टी फुटली. जे उडालं त्यात किरणोत्सर्गी आयोडीन होतं. वाऱ्याबरोबर ते शेजारच्या बेलारूसमध्ये गेलं आणि कुरणांवर बसलं. गाईंनी गवत खाल्लं, आयोडीन दुधात उतरलं, दूध लेकरांच्या पेल्यात. मुलांची ग्रंथी लहान, दूध जास्त, आणि त्या भागात मुळातच आयोडीनची कमतरता. भुकेल्या ग्रंथीने ते विष ओढून घेतलं.

हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. म्हणजे काही आठवडे ते दूध मुलांना दिलं नसतं तरी पुष्कळ निभावलं असतं. पण सरकारने पहिले दोन दिवस अपघाताची जाहीर बातमीसुद्धा दिली नाही. कितीतरी खेड्यांत आया रोजच्यासारखी धार काढून पोरांना दूध देत राहिल्या. मी हे वाचलं तेव्हा आमच्या घरची गाय डोळ्यांसमोर आली. पोलंडने मात्र २९ एप्रिललाच साधं आयोडीन वाटायला घेतलं, सुमारे १ कोटी मुलांना. ग्रंथीचं पोट आधीच भरलं की विषारी आयोडीनला जागा उरत नाही.

बेलारूसमध्ये मुलांमधला हा कॅन्सर वर्षाला सरासरी ४ जणांना व्हायचा. १९९१ साली ५५ मुलांना झाला. मिन्स्कच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हे जगापुढे मांडलं, तर बाहेरच्या बऱ्याच तज्ज्ञांना पटेना. इतक्या लवकर कॅन्सर कसा होईल, म्हणाले. पण आकडे वाढतच गेले. २००५ पर्यंत, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यातले मृत्यू १५. म्हणजे आजार मोठा, पण उपचार झाले तर बहुतेक जण वाचतात.

आता पॅकेजवाल्या ताईंसाठी कोरिया. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारने कॅन्सर तपासणीची मोहीम काढली. थायरॉईड तिच्यात नव्हता, पण दवाखाने थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागले. २०११ साली थायरॉईड कॅन्सरच्या नोंदी १९९३ च्या १५ पट झाल्या. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. आयुष्यभर कधी त्रास दिला नसता अशा बारीक गाठी शोधून हजारो निरोगी माणसांच्या गळ्याला सुरी लागली. मग जन्मभर गोळी, कुणाचा आवाज गेला, कुणाचं कॅल्शियम बिघडलं. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी लोकांना जाहीर आवाहन केलं, तेव्हा शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

काकूंची गोष्ट वेगळी. हाताला लागणारी गाठ दाखवायचीच. हा आजार बायकांत पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो. गाठ बहुधा दुखत नाही, घोट गिळताना वरखाली होते. ती भराभर वाढत असेल, आवाज तीन-चार आठवडे घोगरा राहिला असेल, घास अडकत असेल, श्वासाला त्रास होत असेल, मानेच्या बाजूला अवधाण आलं असेल, तर थांबू नका. लहानपणी गळ्याला किरणांचे उपचार झाले असतील किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि "रक्ताचा थायरॉईड नॉर्मल आला" म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करू नका. कॅन्सर असूनही रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो. सोनोग्राफी करतात, गरज वाटली तर बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून बघतात. बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात.

कर्ज मागणाऱ्या ताईंचा गळा नर्सताईंनी हाताने चाचपून, पाणी गिळायला लावून पाहिला. काही नाही. तरी अर्ज त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. धसका एका बैठकीत जात नाही.

काकूंना घेऊन मी जिल्हा रुग्णालयात गेले. सुई टोचताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचकली. रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. सकाळची सातची एस.टी. धरायची ठरलंय.